पाचट, घायपात, जलपर्णी : माल कोणाचा, सही कोणाची?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यांच्या एकत्र बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले भाषण. बोलली तसेच उतरवून घेतले आहे, पुनरुक्ती थोडी काढली आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी वस्तीवर वाचून दाखवावे.)



बायांनो, बाबांनो, पोरांनो, आज दाव्यांच्या फायलींवर बोलायचं ठरलं होतं. ते बोलणारच आहे. पण आधी त्या कागदाचं बोलू. कारण तो कागद घेऊन गेलेली माणसं येत्या रविवारी परत येणार आहेत, आणि काही जणांनी अंगठा द्यायची तयारी करून ठेवली आहे असं कानावर आलं.

वरच्या गावांतून आलेल्यांना माहीत नाही म्हणून सांगते. मागल्या पंधरवड्यात शहरातून चौघं जण नदीकाठच्या वस्तीवर आले. पोरं शिकलेली, बोलायला गोड. आपल्यासारखी खाली चटईवर बसली, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायली. जलपर्णी उपटून बघितली, बांधावरच्या घायपाताचे फोटो काढले, माळावरचं गवत पिशवीत भरून नेलं. आजीने विणलेलं शिंकं हातात घेऊन उलटसुलट बघत बसली. म्हणाली, आम्ही प्लास्टिकला पर्याय शोधतोय. टाकाऊ मालातून आणि निसर्गातल्या वस्तूंतून दिवे, खुर्च्या, पिशव्या, भिंतीला लावायचे तक्ते करणार, काम तुम्हालाच देणार. आणि जाताना कागद ठेवून गेली.

कागद इंग्रजीत. मी तो तालुक्याला नेऊन वकिलाकडून वाचून घेतला. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, या वस्त्यांतून निघणारा माल दोन वर्षं दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. दुसरी, वस्तीवर दाखवलेले नमुने आणि विणायच्या पद्धती यांवर पुढे हक्क त्यांचा. दर? दर कुठेच नाही. रकाना आहे, मोकळा आहे.

आता मी "नको" म्हणायला उभी राहिलेली नाही. हे नीट ऐका, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की संघटनेने पोटावर पाय दिला. काम पाहिजे. पण कशा पद्धतीने पाहिजे ते सांगायला मला माझ्या घरापासून सुरुवात करावी लागेल.

मी कातकरी. माझे आईबाप रायगडातून इकडे आले ते कोळसा पाडायला. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती भट्टी बघितली आहे, काहींनी लावलीही आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा तेव्हा ठेकेदार उचल देऊन जायचा. दिवाळी झाली की त्याचा टेम्पो दारात. शिरूर, दौंड, बारामती, जिथं वेडी बाभळ माजलेली तिथं माळावर उतरवायचे. बाभळ तोडायची, ओंडके रचायचे, वर पाला, पाल्यावर माती, आणि मग आत आग. त्यानंतर आठ-दहा दिवस झोप नाही. ढिगाला भोक पडलं की आत वारा शिरतो, वारा शिरला की कोळशाची राख होते. आय रात्रीची उठून उठून ओल्या मातीने भोकं बुजवायची. तिचे पाय मी कायम पोळलेलेच बघितले. पोती भरली की मोजणार ठेकेदार, वहीत लिहिणार ठेकेदार. जून आला की हिशेब, आणि हिशेबात उचल कधी फिटलेलीच नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. माझा जन्म त्याच्या नंतरचा.

आता मला सांगा, तो कोळसा काय वाईट माल होता का? वेडी बाभळ ही परदेशातून आणून लावलेली, माळाचं गवत मारणारी. ती तोडली तर माळाचं भलंच. पेट्रोल नाही, प्लास्टिक नाही, सगळं निसर्गातलं. आजच्या भाषेत त्याला 'पर्यावरणपूरक' म्हणून चिठ्ठी चिकटवता आली असती. पण चिठ्ठीवर आयच्या पायाचं काही लिहिलेलं नसतं. म्हणून कोणी मला 'नैसर्गिक माल' म्हणालं की मी आधी विचारते, पोती कोण मोजणार?

दुसरीही बाजू सांगते, म्हणजे मी नुसती रडगाणं गाते असं व्हायला नको. पुण्यात 'आरती' नावाची संस्था आहे, डॉ. आनंद कर्व्यांनी १९९६ साली सुरू केलेली. त्यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करायची रीत बसवली. आपल्या दोन तालुक्यांत ऊस किती ते तुम्हाला मी काय सांगू, निम्म्या जणांच्या हातात कोयता आहे. ऊस तुटला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पडतं. वाढं जनावर खातं, पाचट खात नाही, म्हणून शेतकरी काडी लावून मोकळा होतो. या लोकांनी काय केलं, लोखंडी पिंपात पाचट ठासून भरलं, पिंप भट्टीत उपडं ठेवलं आणि जाळ केला. आत हवा नाही म्हणून पाचट पेटत नाही. त्यातून जो वायू सुटतो तोच बाहेर येऊन पेटतो आणि तोच पिंपाला तापवतो. तासाभराच्या आत कोळशाची भुकटी तयार, पाचटाच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास. भुकटीत खळ मिसळायची, यंत्रातून कांड्या पाडायच्या, उन्हात वाळवायच्या. २००२ साली या कामाला विलायतेतला ॲशडेन पुरस्कार मिळाला. झाड तोडायला नको, आठ रात्री जागायला नको, भट्टी एका कुटुंबाला झेपेल एवढी. ही रीत माझ्या बापाला कोणी दाखवली असती तर, असं मला फार वेळा वाटतं.

पण त्यातही एक मेख आहे. पाचट कोणाचं? शेतकऱ्याचं. जोवर तो जाळतो तोवर "घेऊन जा बाई, रान साफ होईल" म्हणतो. भाव आला की म्हणेल, माझं आहे. त्यातून आता कृषी खातं सांगतं पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीतच कुजवा. ते बरोबर आहे, जमिनीला खाद्य मिळतं. तेव्हा ज्याला शहरातले 'टाकाऊ' म्हणतात ते रानाच्या दृष्टीने टाकाऊ असतंच असं नाही. चिपाडाचं असंच झालं. एक टन ऊस गाळला की २५० ते ३०० किलो ओलं चिपाड निघतं. गुऱ्हाळावाला ते वाळवून चुलवणात घालतो. कारखान्यावर त्याचे डोंगर पडायचे. मग तमिळनाडूत करूरजवळ सरकारी कंपनीने १९८४ पासून चिपाडाचा कागद करायला घेतला, वर्तमानपत्राचा कागद. इकडे कारखाने त्यावर वीज करून विकू लागले. आता त्याच्या ताटल्या-वाट्या निघतात, लग्नात तुम्ही जेवलाही असाल. कचऱ्याला भाव आला की त्याला मालक फुटतो. ऊस तोडणाऱ्याचा दर मात्र टनावरच राहिला. चिपाडाचे पैसे कोणाच्या कोयत्यापर्यंत आले? हात वर करा. एकही नाही.

बरं, हे सगळं 'नवीन' म्हणतात त्याची मला गंमत वाटते. पळसाच्या पानाची पत्रावळ आपल्या आज्या टाचत होत्या. मग प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या कागदी थाळ्या आल्या आणि पत्रावळीला कोणी विचारीना. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तशी परत विचारपूस सुरू झाली. आता तीच पत्रावळ साच्यात दाबून, खोक्यात भरून विकतात. तोडणीच्या वेळी आपण पाचटाची कोपी उभारतो. डोंगरातले आपले लोक कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपतात. शहरातल्या हॉटेलात तशी भिंत केली की तिचे पैसे पडतात, आणि आपल्याला घरकुलाच्या यादीत नाव पाहिजे असेल तर तीच भिंत 'कच्ची' म्हणून लिहितात. कच्ची तर कच्ची, नाव तरी घाला म्हणावं.

कोल्हापुरी चपलेचं तुम्ही ऐकलं असेल. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा नावाच्या मोठ्या कंपनीने मिलान शहरात तशीच चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडून ओरड झाली तेव्हा कबूल केलं की हो, भारतातल्या पारंपरिक चपलेवरून घेतलं. ओरड करता आली कारण कागद होता. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. हे मी का सांगते? ते चामडं कमावतात बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने. हिरडा येतो आपल्या डोंगरातून. आहुप्याच्या डोंगरात घोड नदी उगम पावते, डिंभ्याच्या धरणात आपली गावं बुडवून पुढे या शिरूरला येते. तिच्या उगमाकडचे आपले महादेव कोळी, ठाकर भाऊबंद उन्हाळ्यात हिरडा झोडतात, वाळवतात, आणि व्यापाऱ्याच्या काट्यावर घालतात. कारागिराच्या नावासाठी निदान भांडण तरी झालं. हिरडा झोडणाऱ्याचं नाव त्या भांडणातही आलं नाही.

आता एकेक माल घेऊ. कारण कागदात सगळा एकाच ओळीत लिहिला आहे आणि तिथंच फसगत आहे.

जलपर्णी. ही पण मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेला म्हणून आणलेली. पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेत येतं, त्यावर ती पोसते, आणि रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, म्हणजे ती आपल्या दारात येते. जाळी टाकायला जागा राहत नाही, भिल्ल वस्तीतल्या भावांना विचारा. तिच्या देठांच्या टोपल्या, चटया होतात हे खरं आहे. आसामात दीपोर बीलच्या काठावर मच्छीमारांच्या पोरींनी त्याच्या चटया विणून विकल्या. आम्ही चौघींनीही मागच्या महिन्यात करून बघितलं.

(मागून एक आजी : "वाळवून किती राहतं ते सांग की!")

तेच सांगते, आजी. वीस किलो ओले देठ तोडले, उन्हात वाळवले, तर दीड किलोसुद्धा भरले नाहीत. सगळं पाणीच. म्हणजे दर ओल्यावर का सुक्यावर, यावर सगळा खेळ आहे. सुक्यावर दर असेल तर वाळवणाचे दिवस, उलटवणं, पावसात भिजलं तर कुजणं, हे सगळं आपल्या डोक्यावर. दुसरं, हे पाणी घाण आहे. दोघींच्या पायाला खाज सुटली ती आठ दिवस गेली नाही. गमबूट, हातमोजे आणि धुवायला चांगलं पाणी देणार असतील तरच पाण्यात उतरा. आणि मुळं घेऊ नका. पाण्यातलं विषारी ते ही वनस्पती जास्त करून मुळात साठवते. घरात तर अजिबात आणू नका, चुलीतही घालू नका. हा माल आपला नाही आणि कोणाला नकोही आहे. तेव्हा इथे आपण माल विकत नाही, मजुरी विकतो. मग बोलणी मजुरीची करा, किमान वेतनाच्या खाली एक रुपया नको. नदी साफ करायचे पैसे पाटबंधारे खातं किंवा पालिका ठेकेदाराला देत असेल तर त्यातला वाटा वेगळा मागता येईल, त्याची माहिती अर्ज टाकून काढतो आहोत.

घायपात. १०० किलो पाती झोडली तर ३-४ किलो वाख मिळतो. पात्याचा रस अंगावर उडाला की आग होते. यंत्र असेल तर परवडतं, हाताने नाही. आणखी एक. वाख काढून दोर वळायचं काम या भागात पिढ्यान्पिढ्या मातंग समाजाचं आहे. शहरातल्या माणसांना ते माहीत नाही, आपल्याला आहे. त्यांना वगळून आपण हा करार केला तर उद्या त्यांच्या-आपल्यात भांडण लागेल आणि तिसराच खूश होईल. त्यांच्या वस्तीवर मी स्वतः जाणार आहे.

आणि गवत. इथे जरा थांबून ऐका, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. माळाला सरकारी कागदात पडीक म्हणतात. आपल्याला ठाऊक आहे तो पडीक नाही. मारवेल, पवन्या, कुसळी, त्यावर आपल्या शेळ्या, धनगरांची मेंढरं, चिंकारा, लांडगा, सगळे जगतात. कंपनीने भाव दिला आणि आपण मुळापासून खरडून काढलं तर दोन वर्षांत तिथं वेडी बाभळ उभी राहील, मग या परत कोळसा पाडायला. कापायचं तर बी झडल्यावर, वीतभर बुडखा ठेवून, आणि निम्मा माळ आलटून-पालटून मोकळा सोडून.

पण कापायचा हक्क कोणाचा? यातला बराच माळ वन खात्याच्या नावावर आहे. आज आपण तिथं गवत कापलं तर गार्ड विळा हिसकावून घेतो. आणि तेच गवत आपण कंपनीला द्यायचं कागदावर लिहून देणार? कागदावर अंगठा आपला, मग गुन्हाही आपल्यावर. कंपनी शहरात असेल.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. इथले साहेब लोक सांगतात, तुमच्याकडे अनुसूचित क्षेत्र नाही, हा कायदा आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातला. खोटं आहे. पेसा कायदा इथं लागू नाही, हे खरं. वनहक्क कायदा मात्र जिथं वनजमीन आहे तिथं सगळीकडे लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलं आहे की परंपरेने गोळा करतो त्या गौण वनोपजावर मालकी हक्क, म्हणजे गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा. २०१२ च्या सुधारित नियमांनी विकण्यात गावातच प्रक्रिया करणं, किंमत वाढवणं आणि वाहतूक करणं हेही धरलं, आणि वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या समितीने द्यायचा असं ठरवलं. त्याच कलम ३ मध्ये आणखी एक हक्क आहे, तो फार कमी लोक वाचतात. जैवविविधतेशी जोडलेलं जे पारंपरिक ज्ञान, त्याच्या बौद्धिक संपदेवर गावाचा सामूहिक हक्क. म्हणजे कुठलं गवत कधी कापायचं, कुठला वेल किती दिवस भिजवायचा, ही जी अक्कल आपल्याकडे आहे ती. त्या इंग्रजी कागदातली दुसरी अट नेमकी यावरच बसली आहे. आजीच्या शिंक्यावर.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत आहे. २००९ साली त्यांना १८०० हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक पास मिळेना. भांडले, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि आपले मुख्यमंत्री गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्यानंतर बांबू कोणाला, किती, काय दराने, हे गाव ठरवतं. चंद्रपूरच्या पाचगावने तर हक्क मिळाल्यावर तेंदू तोडणंच बंद केलं. फांद्या छाटतात, आगी लावतात, जंगलाचं नुकसान होतं म्हणून. पैसा येत होता तरी नाही म्हणाले. मालक असला की नाही म्हणता येतं. माझ्या बापाला ठेकेदाराला नाही म्हणता आलं नाही, कारण पोटात उचल होती.

तर रविवारचं काय करायचं ते सांगते, मग तुम्ही बोला.

त्यांना बसवायचं, चहा द्यायचा. पोरं वाईट नाहीत असं माझं मत आहे, पण कागद ज्याने लिहिला तो इथं आलेला नाही. कागद मराठीत आणा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, हे पहिलं. दुसऱ्या कोणाला माल द्यायचा नाही ही अट काढा. नमुन्यांच्या हक्काची अट काढा. उलट आपली अट घाला, की इथे शिकलेली विणकाम-वळकाम कुठेही वापरलं तर वस्तीचं नाव लिहायचं आणि वाटा द्यायचा. काटा आपला, वही दोन, एक त्यांची एक आपली, रोज संध्याकाळी दोन्हीकडे सही. उचल घ्यायची नाही. पुन्हा सांगते, आगाऊ पैसे कितीही गोड बोलून दिले तरी घ्यायचे नाहीत, अगदी सणाला म्हणून दिले तरी. लागलेच तर बचत गटातून काढू. वाळवायला शेड आणि वाखाचं यंत्र त्यांनी वस्तीवर आणून बसवायचं, आपण कच्चा माल भरून शहरात पाठवायचा नाही. कच्च्या मालात काही राहत नाही, ते आपण हिरड्यात बघितलं आहे.

आणि गवताला आज हात लावायचा नाही. गवताचं बोलणं सामूहिक दावा दाखल झाल्यावर. आपली ही बैठक म्हणजे कायद्याची ग्रामसभा नव्हे, हेही लक्षात ठेवा. इथे कोणी सही केली तर ती त्या एकट्याची.

मी त्या पोरांना फोनवर एवढं सांगितलं आहे. ती म्हणाली, वरिष्ठांना विचारतो. कदाचित येणारच नाहीत. मग चुकलं का आपलं? काही बाया म्हणतील, हातचं काम घालवलं. त्यांच्या घरात आज काय शिजतंय ते मला माहीत आहे, म्हणून त्यांना उत्तर देताना माझी जीभ अडखळते. तोपर्यंत काय, तर 'आरती'च्या पद्धतीची एक भट्टी बघायला पाच जणांना पाठवायचं ठरवू. पाचट जाळणारे दोन शेतकरी या हंगामात पाचट द्यायला तयार आहेत, तसं लिहून घेतलं आहे. कोळशाच्या कांड्या टपरीवाले, इस्त्रीवाले घेतात का हे शिरूरच्या बाजारात जाऊन विचारायला हवं. कोण जाणार?

आता फायली. नमुना ब आणि नमुना क, दोन्ही भरायचे आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण या माळावर आहोत याचे किमान दोन पुरावे लागतात. जुनी रेशनकार्डं, मतदार यादी, दंडाच्या पावत्या, विळा जप्त केल्याचा कागद असेल तर तोही आणा. तो फार चांगला पुरावा आहे. जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचं ठिकाण, यांची जागा नकाशावर दाखवायची आहे. आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे आहेत, ते कायद्यात पुरावा म्हणून चालतात. त्यात कुठलं गवत, कुठला वाख, कुठली पानं, कुठून, कुठल्या महिन्यात आणत होतो, हे सगळं यायला पाहिजे. आजी, पहिला जबाब तुमचा. शिंकं घेऊन या.